विश्लेषण: केडंब्याच्या स्मारकात तुकाराम ओंबळे यांचं काय काय असायला हवं?

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात केडंबे नावाचं गाव आहे. हुतात्मा तुकाराम ओंबळे या गावचे. गावात त्यांचं स्मारक उभारण्यासाठी राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपयांना मंजुरी दिली आणि त्यातले २ कोटी ७० लाख पहिला हप्ता म्हणून सोडले. २६/११ च्या हल्ल्याला तोवर सोळा वर्षं उलटली होती. उशीर झाला, पण निर्णय योग्यच आहे. आता खरा प्रश्न आहे तो एवढ्या पैशांत नेमकं काय दाखवायचं हा.

यात विचारण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. कसाबची बंदूक धरणारा पोलीस, हातात लाठी, गिरगाव चौपाटी, एक भव्य पुतळा, भिंतीवर शिल्पपट. बहुतेक आराखडे असेच होतात. आणि त्यात ओंबळे यांच्या आयुष्यातली काही मिनिटं येतील. त्याआधी लष्करात घालवलेली वर्षं आणि मुंबई पोलीस दलातली सतरा वर्षं बाहेरच राहतील. माझ्या मते ती वर्षं आत आली पाहिजेत. का, ते सांगण्याआधी ती रात्र एकदा नीट पाहू, कारण तिच्याबद्दलही मोबाइलवर बरंच काहीबाही फिरत असतं.

त्या रात्री नेमकं काय झालं?

पहिली गोष्ट तारखेची. आपण २६/११ म्हणतो, पण ओंबळे यांना मरण आलं ते २७ नोव्हेंबर २००८ रोजी. मध्यरात्र उलटून गेली होती.

समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी अजमल कसाब आणि इस्माईल खान या दोघांनी आधी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार केला. तिथे पन्नासहून अधिक माणसं मेली. तिथून ते कामा रुग्णालयाकडे गेले. रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी ज्या क्वालिस गाडीत होते, तिच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या आणि गाडीच पळवली. मागच्या बाजूला जखमी अवस्थेत पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव वाचले. दहशतवादी गाडी सोडून गेल्यावर त्यांनीच वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली. टायर गेल्यामुळे त्या दोघांनी क्वालिस सोडून एक स्कोडा गाडी हिसकावली होती. ती आता मरीन ड्राइव्हवरून गिरगावच्या दिशेने निघाली होती.

इकडे डी. बी. मार्ग म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने चौपाटीजवळ नाकाबंदी लावली होती. पथकात अधिकारी होते, शिपाई होते. काहींकडे बंदुका होत्या, बऱ्याच जणांच्या हातात फक्त लाठ्या. सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडेही लाठीच होती.

स्कोडा आली, अडथळ्यापासून काही अंतरावर थांबली. समोरच्यांना आत काही दिसू नये म्हणून गाडीचे मोठे दिवे चालू ठेवून काचेवर पाणी सोडलं गेलं, वायपर फिरू लागले. मग गाडी वळवायचा प्रयत्न झाला आणि ती दुभाजकावर चढली. इस्माईल गाडी चालवत होता. त्याच्या बाजूने गोळीबार झाला, पोलिसांनी उत्तर दिलं, त्यात तो मारला गेला. डाव्या बाजूच्या दाराकडे सहाय्यक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर आणि ओंबळे धावले. कसाबच्या हातात एके-४७ होती. ओंबळे यांनी ती नळीकडून पकडली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. गोविलकरही जखमी झाले. तेवढ्या अवधीत बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले आणि लाठ्यांनी त्याला आडवा केला.

किती गोळ्या लागल्या, याचे आकडे दर नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर फिरतात आणि प्रत्येक मेसेजमध्ये आकडा वेगळा असतो. तो आकडा वाढवून सांगितला की शौर्य वाढतं, असं पाठवणाऱ्याला वाटत असावं. मला त्यापेक्षा दुसरा एक हिशोब महत्त्वाचा वाटतो. (इंजिनीअरिंग केलंय, हिशोब मांडल्याशिवाय राहवत नाही.) एके-४७ चा घोडा दाबून धरला तर ती मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला दहा. नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात. पूर्ण भरलेलं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं. त्या तीन सेकंदांत बंदुकीचं तोंड कुठे आहे, यावर आजूबाजूच्या किती जणांचा जीव जाणार हे ठरतं. ओंबळे यांनी ते तोंड स्वतःकडे धरून ठेवलं. ते हललं असतं तर शेजारी उभ्या असलेल्या पथकातली कितीतरी माणसं गेली असती. गोळी लागल्यावर माणसाची पकड सुटते, हे शरीराचं साधं गणित आहे. इथे ती सुटली नाही.

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. शांततेच्या काळातला हा देशातला सर्वोच्च शौर्यसन्मान. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीने तो स्वीकारला. त्या दिवशी जाहीर झालेल्या ११ अशोकचक्रांपैकी चार मुंबई पोलिसांची होती: करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे. पहिले दोघे आयपीएस, तिसरे पोलीस निरीक्षक. ओंबळे यांचा हुद्दा या चौघांत सर्वांत खालचा.

जिवंत सापडला म्हणून काय फरक पडला?

हा भाग तुलनेने कमी सांगितला जातो, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

हल्ला चालू असतानाच ‘डेक्कन मुजाहिदीन’ या नावाने जबाबदारी घेणारा ई-मेल प्रसारमाध्यमांना पोहोचला होता. नाव असं निवडलेलं, की हे काम इथल्याच कुणाचं आहे असं वाटावं. हल्लेखोरांकडे हिंदू नावांची बनावट ओळखपत्रं होती. आता क्षणभर कल्पना करा, दहाचे दहा जण मारले गेले असते तर? फोनवरची संभाषणं मुद्रित झाली होती, बोटीवरच्या वस्तू सापडल्या होत्या, त्यामुळे तपास लागलाच नसता असं मी म्हणणार नाही. पण दहा मृतदेह, दहा खोटी ओळखपत्रं आणि एक बनावट संघटना, एवढ्यावर देशात कुठले आरोप कुणावर झाले असते आणि किती शहरांत त्याचे पडसाद उमटले असते, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

जिवंत आरोपीमुळे हे टळलं. कसाब पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातल्या ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा. त्याच्या कुटुंबापर्यंत डिसेंबर २००८ मध्ये पाकिस्तानातलंच ‘डॉन’ हे वृत्तपत्र पोहोचलं. जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचं पाकिस्तानला मान्य करावं लागलं. गंमत म्हणजे, ही गोष्ट उघडपणे सांगणारे त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांना त्याच सुमारास पदावरून हटवण्यात आलं. फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याची कबुलीही आली.

पुढचं सगळं न्यायालयात झालं. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यापुढे खटला चालला, सरकारची बाजू उज्ज्वल निकम यांनी मांडली. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला, ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी देण्यात आली. याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुरेसा पुरावा नसल्याने सुटले, हेही लक्षात ठेवायला हवं. निकाल आधीच ठरलेला असता तर तसं झालं नसतं.

चौपाटीवर त्या क्षणी जमावाचा किंवा पोलिसांचाच राग अनावर होऊन कसाब जागीच संपला असता, तर कुणी फार दोष दिला नसता. सहकारी समोर कोसळलेला असताना त्या पथकाने त्याला जिवंत ताब्यात घेतलं. कायद्याने चालणाऱ्या देशासाठी याहून मोठं पोलिसी काम कुठलं, मला सुचत नाही.

आधीची वर्षं कुठे गेली?

ओंबळे मुळात सैनिक. लष्कराच्या कोअर ऑफ सिग्नल्समध्ये त्यांनी नोकरी केली आणि नाईक या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. १९९१ मध्ये ते मुंबई पोलीस दलात आले.

सातारा म्हटलं की सैन्य आठवतंच. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये सुरू झाली ती साताऱ्यात, आणि घराघरात फौजी असल्यामुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव पडलेलं गावही याच जिल्ह्यातलं. जावळीचा डोंगराळ भाग, शेतीचे तुकडे लहान, पाऊस उदंड आणि रोजगार कमी. घरटी एखादा मुंबईला आणि एखादा फौजेत, हे इथलं जुनं अर्थशास्त्र. ओंबळे यांनी दोन्ही केलं.

सिग्नल्स ही लष्कराची संपर्क यंत्रणा. १९११ मध्ये स्थापन झालेलं हे दल, ब्रीद ‘तीव्र चौकस’. तार ओढणं, वायरलेस संच चालू ठेवणं, निरोप न चुकता योग्य माणसाकडे पोहोचवणं हे यांचं काम. सिनेमात हा जवान सहसा पाठीवर संच घेऊन नायकाच्या मागे धावताना दिसतो, त्याला संवाद नसतो. पण आघाडीवरच्या तुकडीला मदत कुठून येणार आणि तोफा कुठे डागायच्या हे त्याच्यावरच अवलंबून असतं. २७ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत जे थोडंफार जमून आलं ते वायरलेसवरच्या निरोपामुळेच. क्वालिसमधून निरोप निघाला, नियंत्रण कक्षातून पुढे गेला आणि चौपाटीवर नाकाबंदी सज्ज झाली. आयुष्यातली पहिली नोकरी ज्याने निरोप पोहोचवण्यात काढली, त्याच माणसापाशी तो निरोप पोहोचला.

सैन्यातून निवृत्त होणारा जवान बहुतेकदा चाळिशीच्या आतबाहेर असतो. पेन्शन असते, पण मुलं लहान असतात. मग बँकेचा सुरक्षारक्षक, एखाद्या कंपनीच्या गेटवरची नोकरी किंवा पोलीस भरती. सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी समांतर आरक्षण असतं, तरी तिथे पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, पुन्हा प्रशिक्षण आणि पुन्हा आपल्याहून तरुण अधिकाऱ्याला सॅल्यूट. लष्करात जे कमावलं त्याचं इथे फारसं मोल नसतं, सुरुवात जवळपास तळापासून. या माणसांच्या दुसऱ्या नोकरीबद्दल आपण फारसं बोलत नाही. ‘माजी सैनिक’ या शब्दातला ‘माजी’ खरंतर चुकीचाच वाटतो.

आणि पोलिसातली सतरा वर्षं म्हणजे काय? गणेश विसर्जनाला याच गिरगाव चौपाटीवरचा बंदोबस्त. ३१ डिसेंबरची रात्र. मोर्चे, दहीहंडी, रात्रपाळीची गस्त, समन्स बजावणं, पंचनाम्याला उभं राहणं, न्यायालयात तारखेला हजर राहणं. यातल्या एकाही गोष्टीला पदक नाही. २६ नोव्हेंबरला जी नाकाबंदी झाली ती याच रोजच्या कामाचाच भाग होती. बॅरिकेड लावायचं, गाड्या थांबवायच्या, काचेतून आत बघायचं. हजार वेळा केलेलं काम एका रात्री वेगळं निघालं.

लाठी अभिमानाची की लाजेची?

‘हातात फक्त लाठी घेऊन एके-४७ ला भिडला’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. ओंबळे यांच्यासाठी ते अभिमानाचं आहेच. पण ज्या व्यवस्थेने त्यांना त्या रात्री तिथे उभं केलं, तिच्यासाठी ते वाक्य आरोपपत्रासारखं आहे. पुतळ्याच्या हातात लाठी दाखवताना हे विसरता कामा नये.

हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. शस्त्रं, दारूगोळा आणि गोळीबाराचा सराव यांतल्या त्रुटी तिने दाखवल्या. दारूगोळाच पुरेसा नाही म्हणून सराव नाही, अशी ती अवस्था होती. त्यानंतर बरंच बदललं, ते नाकारण्यात अर्थ नाही. राज्याचं ‘फोर्स वन’ पथक उभं राहिलं, मुंबईत एनएसजीचा तळ आला, राष्ट्रीय तपास यंत्रणा म्हणजे एनआयए स्थापन झाली, शहरभर सीसीटीव्ही लागले.

मात्र यातलं बहुतेक सगळं विशेष पथकांचं आहे. नाक्यावर पहिला निरोप ज्याच्या कानावर पडतो तो ठाण्यातला शिपाई, हवालदार, एएसआय. त्याचे बदल हळूहळू येतात. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो पुढे इतर ठाण्यांत नेला गेला. पण सण, सभा, निवडणूक आली की पाळी मोडते आणि मुंबईत या तिन्हींपैकी काहीतरी कायम चालूच असतं. २०२२ मध्ये राज्याने पदोन्नतीच्या साखळीतली ‘पोलीस नाईक’ ही पायरी काढून टाकली, त्यामुळे शिपाई म्हणून लागलेल्याला निवृत्तीआधी उपनिरीक्षक होण्याची संधी वाढली. त्याच वर्षी बीडीडी चाळींतल्या पोलीस कुटुंबांना १५ लाखांत मालकीचं घर देण्याचा निर्णय झाला. बाकी वसाहतींतल्या पोलिसाला निवृत्तीनंतर खोली सोडावीच लागते, आणि मुंबईत तीस वर्षं पहारा दिलेला माणूस विरार, कल्याण किंवा थेट गावाकडे निघतो.

हे सगळं २६ नोव्हेंबरच्या श्रद्धांजलीत कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, इथेच हवं. शहीद झाल्यावर मिळणाऱ्या मानधनाबद्दल, चौकाच्या नावाबद्दल आपण तत्पर असतो. तोच माणूस जिवंत असता आणि २०१२ च्या सुमारास निवृत्त झाला असता, तर निरोपसमारंभाला नारळ, शाल आणि ठाण्यातल्या सहकाऱ्यांसोबत एक फोटो. त्याची सार्वजनिक सेवा तेवढीच असती, फक्त आपल्याला ती कळली नसती.

मग स्मारकात काय हवं?

ओंबळे यांची आठवण ठेवण्याच्या पद्धती आधीही निघाल्या आहेत. मला सर्वांत आवडते ती शास्त्रज्ञांची. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला २०२१ मध्ये संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं. सरकारं बदलतात, चौकांची नावं बदलतात, पण प्राणिशास्त्रात एकदा नियमानुसार दिलेलं नाव सहजासहजी बदलत नाही. नखाएवढा जीव, भिंतीवर, पानावर, स्वतःपेक्षा मोठ्या भक्ष्यावरही झेप घेणारा. नाव ठेवणाऱ्यांनी हा विचार केला होता का कोण जाणे, पण शोभून दिसतं.

केडंब्यात पुतळा होईल, व्हावा. त्याच्या शेजारी एका खोलीत सिग्नल्सचा जुना वायरलेस संच ठेवता येईल, मुलांना हात लावून पाहता येईल असा. नाकाबंदी म्हणजे काय, एएसआयचा दिवस कसा असतो, साक्षीदाराचा जबाब, आरोपपत्र, खटला आणि अपील कसं चालतं, हे सोप्या मराठीत मांडता येईल. कसाबच्या खटल्याचं आरोपपत्रच अकरा हजारांहून अधिक पानांचं होतं. तेवढा कागदांचा ढीग नुसता रचून दाखवला तरी शाळकरी मुलाला समजेल की जिवंत पकडणं म्हणजे काय. चौपाटीवरच्या त्या पथकातल्या बाकीच्यांची नावंही भिंतीवर हवीत. बंदूक ओंबळे यांनी धरली, कसाबला पकडलं ते सगळ्यांनी मिळून.

आणि जागा उरली तर एक मैदान. जावळी, पाटण, वाई, कोरेगाव, कुठेही पहाटे गेलात तर रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळताना दिसतात. कुणी सैन्य भरतीची तयारी करतंय, कुणी पोलीस भरतीची, बरेच जण दोन्हींची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळाफेक असते आणि मग १०० गुणांची लेखी परीक्षा. बहुतेकांचा सराव डांबरी रस्त्यावर होतो, अंधारात, वाहनं चुकवत. १३ कोटी ४६ लाखांतून मातीचा एक नीट ट्रॅक, दिव्याचे चार खांब, गोळाफेकीचं वर्तुळ आणि रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका बसवणं अवघड नाही. पहिल्या हप्त्याची रक्कम आली आहे, तेव्हा आराखड्यात हे घालायची वेळ आत्ताच आहे.